फ्रीजरमध्ये, खोबऱ्याशेजारी

टेस्कोत पिवळी चिठ्ठी लागलेलं ड्रॅगनफ्रूट,
एक पौंड वीस, कारण एका बाजूने बसलेलं.
आत गर पांढरा, गोडीला बेताचा,
आणि बिया सब्जासारख्या, दाताखाली कुरकुरणाऱ्या.
अर्धं खाल्लं. उरलेलं चहाच्या गाळणीत धरून
नळाखाली चोळत बसले,
बुळबुळीतपणा जाता जात नव्हता.
शेवटी कागदावर एकशे सहा ठिपके.
मोजले, कारण नोव्हेंबर होता
आणि डंडीत साडेतीनलाच दिवस आवरतं घेतो.

तूरडाळीचा रिकामा डबा, ओला कागद, वर झाकण,
गरम पाण्याची टाकी असलेलं कपाट.
सहाव्या दिवशी हिरवी टोकं.
पहिली दोन पानं अगदी साधी, मिरचीच्या रोपासारखी;
मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.
मग दोघांच्या बेचक्यातून लव फुटलेला कोंब,
काटे इतके मऊ की गालाला लावून पाहिले.

आईला व्हिडिओवर दाखवले.
"निवडुंग? तो बांधाला लावतात गं, घरात नव्हे."
मग जरा थांबून,
"फड्याची बोंडं खायचो आम्ही शाळेतून येताना.
जीभ लालभडक. कुसं ओठात राहायची
आणि त्यावरून घरी कळायचं."
छत्तीस वर्षांत हे मला सांगितलं नव्हतं तिने.

इथे समुद्रावरून धुकं येतं, त्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मी विचारायची,
घालायचा की मानायची?
आता विचारत नाही. टे नदीवरचा पूल दिसेनासा झाला
की रोपांवरचा जांभळा दिवा लावते.

त्या दिव्यापायीच इशबेलने दार वाजवलं.
"माझ्या वयाला काही फरक पडत नाही," म्हणाली,
"पण खालचा डेव्ही म्हणतो, तू गांजा पिकवतेस."
आत आली, चष्मा पुसून वाकली,
तिच्याकडेही एक होता, नाताळात फुलणारा,
तिच्या आईच्या लग्नातला, बिनकाट्याचा.
जाताना दह्याच्या कपातून एक रोप घेऊन गेली.
पाणी कमी घाल, म्हणाली. तू फार लाड करतेस.

ऐकलं नाही. चाळीस कुजली.
काही चिलटांनी खाल्ली, काही ऑफिसात वाटली,
त्यांची पुढे काय गत झाली, कुणी सांगत नाही.
उरलं ते झाडूच्या दांड्याला बांधलं,
मग पडद्याच्या दांडीला,
मग ते छताला टेकून माघारी वळलं
आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या खांद्याला बोचू लागलं.
सात वर्षं. एक फूल नाही.
हिशोब केला तर पेटीभर फळं आली असती.

यंदा जुलैत कळी. आधी वाटलं, नवी फांदी.
मग ती फुगली, मक्याच्या कणसाएवढी झाली.
उमलायच्या रात्री अकरा वाजले
तरी आभाळ पुरतं विझलं नव्हतं;
फूल बिचारं अंधार शोधत अर्धवट थांबलेलं.
बाराला मी इशबेलला उठवलं.
रात्रीच्या झग्यावर कोट चढवून आली,
फुलासमोर खुर्ची ओढून बसली, बोलली नाही.
मी मेकअपचा नवा ब्रश घेऊन उभी.
पण स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही या जातीला,
भावंडाचा लागतो.
भावंड भिंतीपलीकडे, इशबेलच्या स्वयंपाकघरात,
धडधाकट, हिरवंगार, आणि कळीचा पत्ता नाही.

सकाळी फूल ओल्या मोज्यासारखं लोंबत होतं.
चार दिवसांनी गळालं.

पराग गोळ्यांच्या बाटलीत भरून ठेवलाय
फ्रीजरमध्ये, खवलेल्या खोबऱ्याशेजारी,
वर तारीख, आणि मराठीत: खाऊ नये.
इशबेल चौऱ्याऐंशीची आहे.
रोज उठल्यावर ती आपलं झाड बघते
आणि भिंतीवर काठी आपटते.
कळी दिसली तर दोनदा, असं ठरलंय.
काही नसेल तर एकदा.

आज एकदा.